विश्रामशेटची सतरा नाणी

त्या रविवारी गणू मुंबईहून आला आणि पाय धुवायच्या आधीच बायकोला म्हणाला, "गोदे, मधलं दार लोटून घे. बाबांना ऐकू जायला नको."

कल्याणच्या बाजारपेठेत विश्रामशेट सोनाराचं दुकान पुढे आणि घर मागे होतं. पुढच्या दुकानातून हातोडीची टकटक आत येत होती. गणू हा विश्रामशेटचा एकुलता मुलगा. सोनारकीत त्याचं मन रमलं नाही, पण बोटं बापाचीच होती, म्हणून गिरगावातल्या एका छापखान्यात तो अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायला लागला. सहा दिवस मुंबईत, सातव्या दिवशी घरी. इंग्रजी त्याला तुटक-तुटक येई. समोरच्या कागदावरचं अक्षर पाहायचं आणि तसला खिळा उचलून ओळीत बसवायचा, अर्थाच्या भानगडीत पडायचं नाही, हा त्याचा धंदा.

गोदेने दार लोटलं. गणूने बंडीच्या आतून एक चौघडी केलेला कागद काढला.

"मुंबईच्या विद्वान लोकांची सभा आहे ना, तिचं पुस्तक आमच्याकडे छापतात. हे मीच जुळवलं. निम्मं पान झालं तेव्हा 'कल्याण' हा शब्द दिसला, म्हणून थांबून वाचायला लागलो."

"काय लिहिलंय?"

गणूने ओळीवर बोट ठेवलं आणि अडखळत, मराठी करत वाचलं. लेख रावसाहेब यादवराव कर्णिकांचा होता. कल्याणजवळच्या खाडीत सापडलेल्या रोमच्या बादशहांच्या सतरा रुपेरी नाण्यांविषयी. आणि मध्येच असं होतं: 'ही नाणी कल्याणच्या एका अडाणी सोनाराच्या हाती पडली होती. त्याने आपल्या जातीच्या लोभाला अनुसरून, चांदी खरी की खोटी हे पाहण्यासाठी प्रत्येक नाण्यावर छिन्नीचा घाव घातला आणि बादशहांचे चेहरे कायमचे विद्रूप केले. मी वेळेवर पोचलो नसतो तर सगळीच मुशीत गेली असती.'

गोदा कागदावर वाकली. मग म्हणाली, "पुन्हा वाचा."

गणूने पुन्हा वाचलं.

"एक सोनार," ती म्हणाली. "नावसुद्धा नाही. एक सोनार! आणि मुशीत? मामंजी नाणं मुशीत घालतील?"

विश्रामशेटनी काय केलं होतं ते या घरात तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

सोनाराच्या दुकानात मोडीला काय काय येतं. तुटक्या वाळ्या येतात, झिजलेले गोफ येतात, आणि कधीकधी नांगराच्या फाळाला लागलेलं, विहीर खणताना वर आलेलं एखादं जुनं नाणं येतं. दुसरा कुठलाही सोनार ते वजन करून मुशीत टाकतो. विश्रामशेटचा हात मात्र तरुणपणीच एकदा असा अडला. नाण्यावर एका राजाचं डोकं होतं, नाक पोपटासारखं. 'हे ज्यानं कोरलं तो माझ्यापेक्षा मोठा कारागीर होता, त्याचं काम मी कसं वितळवू?' असं म्हणून त्यांनी चांदीचा दाम स्वतःच्या खिशातून दिला आणि नाणं एका गाडग्यात ठेवून दिलं. तेव्हापासून तीस वर्षं हेच चाललं होतं. सासूबाई, म्हणजे आवडाबाई, म्हणत, "दुसऱ्यांच्या बायका अंगावर चांदी घालतात, माझी गाडग्यात निजते."

गोदा सून म्हणून घरात आली तेव्हा तिला लिहिता-वाचता येत होतं. माहेरी ठाण्याला मुलींच्या शाळेत चार इयत्ता झाल्या होत्या. ही गोष्ट सासरी कुणाला विशेष आवडली नाही, एका विश्रामशेटशिवाय. त्यांनी एक कोरी वही आणली आणि म्हणाले, "सूनबाई, माझं डोकं आता गाळणी झालंय. मी सांगतो, तू लिही." मग संध्याकाळी दुकान आवरलं की ते एकेक नाणं काढत आणि गोदा लिहीत असे. कुणाला सापडलं, कुठल्या गावात, किती हात खोल, मातीत की वाळूत, मडक्यात की सुटं, वजन किती गुंजा, कुठल्या बाजूला काय चित्र, कुठे झीज, कुठे खाच. नाण्याला नाव नसे, म्हणून विश्रामशेट स्वतःच नाव देत. एक 'पोपटनाक्या', एक 'दाढीबुवा', एक 'रुसलेला'. सहा वर्षांत वही भरत आली होती.

खाडीतली ती सतरा नाणी दोन वर्षांपूर्वीची. कळव्यापलीकडच्या मिठागरात राबणारा धाकू आगरी एके दिवशी ती धोतराच्या सोग्यात बांधून घेऊन आला होता. बांध फुटला तो घालताना चिखलात एक फुटकं मडकं लागलं, त्यात ही. काळी ठिक्कर, काही एकमेकांना चिकटलेली. प्रत्येक नाणं चार आण्यांच्या पावलीपेक्षा जरासं जड. विश्रामशेटनी ती नुसत्या पाण्यात आठ दिवस भिजत ठेवली आणि मग सुती चिंधीने सुटी केली. सगळ्यांवर त्याच पोपटनाक्याचं डोकं, डोक्यावर पानांचा गजरा, आणि सगळ्यांच्या गालावर एकेक तिरपा काप.

"बघ सूनबाई," विश्रामशेट तेव्हा म्हणाले होते, "हा काप आजचा नाही. कापाच्या आतही तीच काळी राप आहे. कुणीतरी त्या काळीच घातलाय. बाहेरून आलेलं नाणं, ओळखीचं नाही, आत दुसरं काही भरलंय की काय म्हणून आपल्याकडच्या सराफानं छिन्नी मारून पाहिलंय. आणि त्याचा संशय खोटा नव्हता हो." त्यांनी अकरावं नाणं तिच्या हातावर ठेवलं. त्याच्या कापात तांबं होतं, हिरव्या कळंकाने भरलेलं. वरून नुसता चांदीचा पापुद्रा. "कुठल्या मुलुखातला लबाड आणि कुठल्या मुलुखातला शहाणा! दोघं एका नाण्यावर भेटले." ते लहान मुलासारखे हसले होते. हे सगळं गोदेने वहीत लिहिलं होतं. काप, राप, तांबं, कळंक, सगळं.

नंतर रावसाहेब कर्णिकांचं नाव कुणीतरी सांगितलं. ठाण्यात राहतात, सरकारी नोकरीतून निवृत्त, इंग्रजी-संस्कृत दोन्ही येतं, जुन्या नाण्यांचे जाणकार. विश्रामशेट सतराही नाणी घेऊन गेले. रावसाहेबांनी भिंग लावून अक्षरं वाचली आणि सांगितलं, की हा रोमचा बादशहा तिबेरियस, अठराशे वर्षांपूर्वीचा. तेव्हा पश्चिमेच्या समुद्रातून गलबतं वाऱ्यावर कल्याणला येत, इथलं कापड आणि मिरी नेत आणि बदल्यात सोनं-चांदी ओतून जात. विश्रामशेट घरी परतले तेव्हा त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. "आपलं कल्याण, सूनबाई! आपल्या या चिखलाच्या बंदरात रोमची गलबतं!" रावसाहेबांनी नाणी 'चार दिवस अभ्यासाला' ठेवून घेतली होती. विश्रामशेटनी आनंदाने दिली. वहीची नक्कलही दिली, गोदेने रात्रंदिवस बसून केलेली.

त्या चार दिवसांना आता वर्ष झालं होतं.

"नक्कल दिली होती त्यांना," गोदा म्हणाली. "तिच्यात लिहिलं होतं, काप जुना आहे. त्यांनी वाचलं असेल. वाचून हे लिहिलं!"

"हळू बोल," गणू म्हणाला.

पण हातोडीची टकटक केव्हाच थांबली होती. दार ढकलून विश्रामशेट आत आले. त्यांनी मुलाच्या हातातला कागद पाहिला, त्यांना वाचता येत नव्हता तरी पाहिला, आणि म्हणाले, "सांग."

गणूने सांगितलं. म्हातारा भिंतीला टेकून उभा होता. सगळं ऐकून झाल्यावर तो एवढंच म्हणाला, "मोठी माणसं. लिहिताना चुकलं असेल." आणि दुकानात परत गेला. पण टकटक काही पुन्हा सुरू झाली नाही.

चूक असती तर ती कागदावरच राहिली असती. पण रावसाहेबांना ही गोष्ट तोंडी सांगायलाही आवडायची असं दिसलं. पंधरा दिवसांत ती ठाण्याहून कल्याणला आली. कचेरीतला एक कारकून बायकोच्या पाटल्या घडवायला आला आणि हसत म्हणाला, "शेट, मी इथेच बसतो हं घडवून होईपर्यंत. तुम्ही म्हणे बादशहालासुद्धा छिन्नी लावता!" विश्रामशेटनी त्याचं सोनं उचललं, त्याच्या हातात परत दिलं आणि म्हणाले, "दुसरीकडे जा." चाळीस वर्षांत त्यांनी गिऱ्हाईक परत पाठवलं नव्हतं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. आवडाबाई म्हणाल्या, "त्या गाडग्यातल्या मेल्या राजांनी माझं घर खाल्लं."

गोदेला ते वाक्य लागलं. ती रात्रभर कुशी बदलत राहिली आणि सकाळी सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली. "मामंजी, आपण ठाण्याला जाऊ. मी वही घेते. त्यांना विचारू."

"काय विचारायचं गं?"

"तुम्ही नका विचारू. तुम्ही नुसते बसा."

"सून सासऱ्याच्या वतीने बोलणार? लोक काय म्हणतील?"

"लोक जे म्हणतायत त्याच्यापेक्षा आणखी वाईट काय म्हणणार?" ती म्हणाली. विश्रामशेटनी खुंटीवरची पगडी काढली.

आगगाडीने ठाण्याला उतरून ती दोघं चालत रावसाहेबांच्या बंगलीवर गेली. रावसाहेब व्हरांड्यात आरामखुर्चीत वाचत बसले होते. "ये विश्राम, ये," ते म्हणाले. विश्रामशेट त्यांच्याहून दहा वर्षांनी तरी मोठे होते. खाली जाजम होतं, त्याच्या कडेला विश्रामशेट बसले. गोदा खांबाजवळ उभी राहिली, पदर खांद्यावरून घट्ट ओढून.

विश्रामशेटनी नाण्यांची खुशाली विचारली. मुलांची विचारावी तशी. रावसाहेबांनी नोकराला हाक मारली, त्याने मखमलीची एक पेटी आणली. पेटी उघडली आणि विश्रामशेट जाजमावरून अर्धवट उठले.

नाणी आरशासारखी चकाकत होती. एकाही नाण्यावर काळेपणा उरला नव्हता. तिबेरियसच्या डोक्यावरच्या पानांच्या शिरा झिजून सपाट झाल्या होत्या.

"हे कशाने घासलं?" विश्रामशेटनी विचारलं.

"चिंच आणि राख. आमच्या गड्याने दोन दिवस घासली. सभेतल्या साहेबांपुढे ठेवायची, तर का घाणेरडी ठेवायची?"

विश्रामशेटनी अकरावं नाणं उचललं. कापात आता तांबं लाल चमकत होतं. कळंक गेला होता. जणू काल कुणी छिन्नी मारली असावी.

गोदेला राहवलं नाही. "रावसाहेब, त्या कापात हिरवा कळंक होता. तो आमच्या वहीत लिहिलेला आहे. तुम्हाला नक्कल दिली होती. तो कळंक अठराशे वर्षांचा होता आणि तुम्ही तो चिंचेने घासून काढला. आणि मग लिहिलंत की छिन्नी मामंजींनी मारली!"

रावसाहेबांनी प्रथमच तिच्याकडे पाहिलं. मग विश्रामशेटकडे वळून म्हणाले, "ही तुझी कोण?"

"सून."

"बोलकी आहे." ते हसले. "हे बघ विश्राम, ही शास्त्राची गोष्ट आहे. घाव पाहिले, सोनाराच्या घरून आली, मी अनुमान केलं. अनुमानात चूक होऊ शकते. पण ते इंग्रजीत आहे. कल्याणात कोण वाचतंय? आणि छापलेलं आता कसं बदलणार?"

"सोनार कसोटीच्या दगडावर धातू ओळखतो," विश्रामशेट हळू आवाजात म्हणाले. "छिन्नी मारायची गरज त्याला पडते, ज्याच्याकडे कसोटी नसते. एवढं तरी लिहा, रावसाहेब. माझं नाव नको, एवढंच लिहा."

"बघू."

"आणि नाणी?"

"नाणी पुढच्या महिन्यात मुंबईच्या सभेला देतोय. कल्याणची नाणी साहेबांच्या काचेच्या कपाटात! तुझ्या गाडग्यापेक्षा बरी जागा. तुला चांदीचे पैसे हवे असतील तर—"

विश्रामशेट उठले. रावसाहेबांचं वाक्य त्यांनी पुरं होऊ दिलं नाही, हाच त्यांचा त्या दिवसाचा राग. गोदेचा राग मात्र एवढ्यावर भागणारा नव्हता. फाटकाबाहेर आल्यावर ती म्हणाली, "मामंजी, तुम्ही स्टेशनावर बसा. मी धाकूकडे जाऊन येते."

"कशाला?"

"ती नाणी मडक्यातून निघाली तेव्हा कशी होती, ते ज्याने काढली तोच सांगेल. त्यांचं शास्त्र गड्याच्या चिंचेने धुतलं गेलंय. मला साक्षीला माणूस पाहिजे."

एकटीला जाऊ देणं विश्रामशेटना शक्य नव्हतं, म्हणून तेही होडीत बसले. खाडी ओलांडून, कळव्याच्या पुढे मिठागरांच्या बांधाबांधाने ती दोघं धाकूच्या वस्तीवर पोचली तेव्हा उन्हं उतरत होती. पांढऱ्या मिठाच्या ढिगांवर माडाच्या पानांची झापं घालायचं काम चाललं होतं. धाकू घोट्याएवढ्या पाण्यात उभा होता. विश्रामशेटना पाहून तो धावत आला.

गोदेने सगळं सांगितलं. धाकू ऐकत होता, पण त्याच्या मागे त्याची बायको हौसाबाई येऊन उभी राहिली होती, डोक्यावर रिकामी पाटी घेऊन, आणि ती जास्त लक्ष देऊन ऐकत होती.

"शेटनी कापली?" हौसाबाई मध्येच म्हणाली. "कोन बोलतंय असा? ती कापलेलीच व्हती! मी सोता धुतली चिखलातशी. मना वाटलं, देवाचं तोंड कोनी फोरलं र!"

"तुम्ही धुतलीत?" गोदेने विचारलं.

धाकूने बायकोकडे पाहिलं. हौसाबाईने पाटी खाली ठेवली. "या घरान," ती म्हणाली आणि आत वळली.

घर म्हणजे कुडाचं खोपट, शेणाने सारवलेलं. कोपऱ्यात देव्हारा होता. हौसाबाईने हात जोडले, देवांच्या टाकांच्या मागे बोटं घातली आणि एक काळं नाणं काढून गोदेच्या तळहातावर ठेवलं. हळद-कुंकवाने माखलेलं. पोपटनाक, डोक्यावर पानं आणि गालावर तिरपा काप. कापात काळी राप आणि रापीवर कुंकू.

"अठरा व्हती," धाकू ओशाळून म्हणाला. "येक हिनी ठेवला. म्हनली, ह्यो समिंद्रातला देव, ह्याला मी देनार नाय. म्हनून शेटना सतराच दिली."

विश्रामशेट त्या नाण्याकडे पाहत राहिले. हे नाणं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांच्या दुकानाची पायरीसुद्धा या नाण्याने चढली नव्हती. आणि त्याच्या गालावर तोच काप होता.

"सूनबाई," ते म्हणाले, "तोच हात आहे. एकाच माणसाने, एकाच छिन्नीने मारलेले घाव. डावखुरा असणार तो. बघ, हाही त्या सतरांसारखाच डावीकडून उतरतोय."

गोदेच्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच. या माणसाला अठराशे वर्षांपूर्वीच्या सराफाचा डावा हात दिसतो आणि ते त्याला अडाणी म्हणतात!

पुढच्या महिन्यात ठाण्याच्या वाचनालयात रावसाहेबांचं व्याख्यान ठरलं होतं. नाणी मुंबईला जाण्याआधी ठाणेकरांनी पाहावीत म्हणून. दुपारी चारची वेळ होती. वकील, मास्तर, कचेरीतले लोक बाकांवर बसले होते. बायका अशा ठिकाणी येत नसत. गोदा आणि हौसाबाई आल्या आणि मागच्या दाराशी उभ्या राहिल्या. पुढे विश्रामशेट, गणू आणि धाकू. धाकूला बाकावर बसायला कुणी सांगितलं नाही, तो भिंतीला टेकून उकिडवा बसला.

रावसाहेब बोलले ते चांगलं बोलले, हे गोदेलाही कबूल करावं लागलं. रोमची गलबतं, पावसाळी वारे, कल्याणचं बंदर, सगळं डोळ्यांपुढे उभं केलं. मग ते घावांवर आले. पेटी हातात धरून म्हणाले, "आपल्या लोकांना आपल्याच ठेव्याची किंमत नाही, याचा हा पुरावा. एका सोनाराच्या छिन्नीने—"

"तो सोनार इथे बसलाय!"

आवाज दाराकडून आला होता. सगळी डोकी वळली. गोदा दोन पावलं पुढे आली.

"त्यांचं नाव विश्रामशेट. तीस वर्षं त्यांनी नाणी मुशीत जाऊ दिली नाहीत. रावसाहेबांना सतरा नाणी माहीत आहेत. मडक्यात अठरा होती. अठरावं कधीच आमच्या दुकानात आलं नाही, ते या बाईंच्या देव्हाऱ्यात होतं. कुणीही येऊन बघा, त्याच्यावर घाव आहे की नाही!"

हौसाबाईने पदराची गाठ सोडली आणि नाणं दोन बोटांत धरून वर केलं. पुढच्या बाकावरचे एक वयस्कर वकील उठून मागे आले. त्यांनी हात पुढे केला. हौसाबाईने नाणं दिलं नाही. "बघायचं असंल तं माज्या हातानच बघा," ती म्हणाली. वकील वाकले, चष्मा सावरला, बराच वेळ पाहिलं. मग वळून रावसाहेबांना म्हणाले, "यादवराव, घाव आहे. आणि जुना आहे. आत सगळं काळं आहे."

सभेत कुजबुज उठली. "हे नाणं त्याच मडक्यातलं कशावरून?" रावसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज थोडा चढला होता. "हे लोक काहीही सांगतील."

तेव्हा धाकू उठला. "मी काहीपन सांगतंय? मडका मीच काढलं, रावसाब. तुमी आलता चिखलान? माज्याशी कोनी इचारलं?"

कुणी हसलं नाही. विश्रामशेट उभे राहिले, पेटीपाशी गेले आणि रावसाहेबांना विचारलं, "हात लावू का?" परवानगीची वाट न पाहता त्यांनी एक नाणं उचललं, दाराशी येऊन हौसाबाईच्या बोटांतल्या नाण्याशेजारी धरलं आणि वकिलांना दोन्ही घावांचा डावीकडून येणारा उतार दाखवला. मग खिशातून एक जुना चांदवडी रुपया, छिन्नी आणि छोटी हातोडी काढली, रुपया दारातल्या दगडी पायरीवर ठेवला आणि वर एकच घाव घातला. "हा माझा घाव," ते म्हणाले. "उजवीकडून उतरतो. माझा हात उजवा आहे. चाळीस वर्षं उजवाच आहे."

वकील, मास्तर, कारकून सगळे पायरीभोवती गोळा झाले. रावसाहेब टेबलापाशी एकटेच उभे होते. त्यांनी पेटी मिटली.

निघताना ते विश्रामशेटना म्हणाले, "मला आधी सांगायचं होतंस. मी सभेला लिहीन."

त्यांनी लिहिलं खरं. तीन महिन्यांनी गणू पुढचं पुस्तक घेऊन आला. शेवटच्या पानावर, बारीक खिळ्यांत दोन ओळी होत्या. गणूने वाचलं: 'तिबेरियसच्या नाण्यांवरील घाव प्राचीन असावेत, असे अधिक निरीक्षणानंतर रावसाहेब कर्णिक यांना आढळून आले आहे. एकाच डावखुऱ्या हाताचे ते असावेत, असाही त्यांचा महत्त्वाचा तर्क आहे.'

"त्यांना आढळून आलं!" गोदा उठून उभीच राहिली. "त्यांचा तर्क!"

"जाऊ दे गं," विश्रामशेट म्हणाले. "माझ्यावरचा आळ गेला. पुरे."

"आळ गेला नाही, मामंजी. आधी त्यांनी स्वतःची चूक तुमच्या नावावर टाकली, आता तुमचं ज्ञान स्वतःच्या नावावर घेतलं. पहिल्या वेळी तुम्ही 'एक सोनार' तरी होतात. आता तेवढेही उरला नाहीत. धाकू नाही, हौसाबाई नाही. जणू नाणी चिखलातून आपली आपण चालत त्यांच्या व्हरांड्यात गेली!"

नाणी तोवर मुंबईला गेली होती. ती परत मिळणार नव्हती, हे तिला कळत होतं. मागायला कुठे जायचं हेही कळत नव्हतं. पण घरात एक जुळारी होता आणि एक वही होती.

गणूच्या मालकाने रविवारी छापखाना वापरू दिला, कागदाचे पैसे घेऊन. गोदेने वहीतून मजकूर काढला. कल्याण आणि ठाणे भागांत सापडलेली जुनी नाणी, कुठे, कुणाला, कशी सापडली. एकेका नाण्यापुढे माणसाचं नाव. काळुराम कुणबी, विहिरीत. कमळाबाई, परसात. धाकू आगरी, मिठागराच्या बांधात, अठरा, पैकी एक हौसाबाईंच्या देव्हाऱ्यात. खाली सोनाराचं नाव. आणि शेवटी तिने लिहिलं, की यांपैकी सतरा नाणी रावसाहेब यादवराव कर्णिक यांनी अभ्यासासाठी म्हणून नेली, चिंचेने घासली, घावांचा दोष विश्रामशेटांवर ठेवला आणि नंतर विश्रामशेटांनी सांगितलेलं स्वतःचं म्हणून छापलं.

शेवटचं वाक्य ऐकून विश्रामशेट अस्वस्थ झाले. "एवढं नको, सूनबाई. नाव नको घालू त्यांचं. वैर कशाला?"

"का नको? आपण खोटं लिहितोय?"

"खोटं नाही. पण—"

यावर त्या दोघांचं खूप वेळ चाललं. गणू कधी बापाकडे, कधी बायकोकडे पाहत होता. शेवटी आवडाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. तीस वर्षं त्या नाण्यांना शिव्या देत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "घाला नाव. माझ्या मालकाला चारचौघांत हावरा म्हटलं त्यांनी, तेव्हा त्यांना संकोच वाटला होता का?"

विश्रामशेटनी वही मिटून गणूपुढे सारली. मग गणूला म्हणाले, "नाव घालतोच आहेस तर नीट घाल. रावसाहेब ही पदवीसुद्धा. काना-मात्रा चुकवू नकोस."

शंभर प्रती निघाल्या. कल्याणच्या बाजारात, ठाण्याच्या वाचनालयात, कचेरीत गणूने त्या स्वतः वाटल्या. काहींनी नाक मुरडलं, काहींनी दुमडून खिशात ठेवल्या. त्या बदनामीने तुटलेली दोन गिऱ्हाइकं परत आली, पाटल्यांचा कारकून मात्र आला नाही. रावसाहेबांकडून काही उत्तर आलं नाही. मुंबईच्या सभेला पाठवलेल्या प्रतीची पोचही आली नाही.

हौसाबाईला एक प्रत द्यायला गोदा स्वतः गेली. हौसाबाईला वाचता येत नव्हतं. तिने विचारलं, "माजं नाव कुठं हाय?" गोदेने तिचं बोट धरून ओळीवर ठेवलं. हौसाबाई बराच वेळ बोट तिथून काढेना.

"आनि त्या रावसाबाचं?"

गोदेने तेही दाखवलं.

"लिवलंस ता बरा केलास," हौसाबाई म्हणाली, आणि पाटी उचलून मिठाच्या ढिगाकडे निघाली.